व्यापारचक्रे व खगोलीय आवर्तने

आर्थिक व्यवहारांत तेजी-मंदी आलटूनपालटून का येते, याचे उत्तर आकाशस्थ गोलांच्या गतींत शोधण्याचा प्रयत्न प्राचीन काळापासून झालेला आहे. भारतीय सिद्धांतग्रंथांनुसार पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी असून चंद्र, बुध, शुक्र, रवी, मंगळ, गुरू व शनी हे तिच्याभोवती आपापल्या कक्षांत फिरतात. भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणी (११५०) या ग्रंथात पृथ्वी हा निराधार गोल असल्याचे प्रतिपादिले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ नातू चंगदेव यांनी स्थापिलेल्या मठाचा उल्लेख चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात (१२०७) आढळतो.

गुरूच्या एका प्रदक्षिणेस सु. १२ वर्षे लागतात. अशा पाच प्रदक्षिणांवरून साठ संवत्सरांचे चक्र कल्पिले गेले. वराहमिहिर (सहावे शतक) यांच्या बृहत्संहितेत पर्जन्यलक्षणांबरोबर वस्तूंच्या भावांतील चढउतारांचाही विचार आहे. पंचांगातील संवत्सरफल व त्यातील पाऊस, स्वस्ताई आणि महागाई यांविषयीची भाकिते याच परंपरेतील होत.

यूरोपात श्वाबे यांनी सौर डागांची आवर्तिता १८४३ मध्ये दाखविली. तिचा संबंध इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्झ (१८३५–८२) यांनी व्यापारी अरिष्टांशी जोडला. सूर्याच्या उष्णतेतील बदलामुळे भारतातील पिके कमीअधिक होतात, त्यानुसार येथील शेतकऱ्यांची इंग्लिश कापडास असलेली मागणी बदलते व परिणामी ब्रिटिश व्यापारात तेजी-मंदी येते, असे त्यांचे म्हणणे होते. अरिष्टांमधील सरासरी अंतर त्यांनी सु. १०·४४ वर्षे मानले. परंतु सौर डागांचे आवर्तन सरासरी सु. ११ वर्षांचे असल्याने हा मेळ टिकला नाही.

दख्खनमधील घटनाक्रमही या उपपत्तीस प्रतिकूल आहे. अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तेथील कापसाची निर्यात थांबली, भारतीय कापसाचे भाव चढले व मुंबईत भागभांडवलाचा सट्टा माजला. युद्ध संपताच १८६५ मध्ये भाव कोसळले. तेजीत वाढलेले कर्ज मंदीत फेडता येईना. त्यातच सारावाढीची भर पडली. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केले. त्यानंतरच १८७६–७८ चा भीषण दुष्काळ आला. म्हणजेच पर्जन्य हटण्यापूर्वीच शेतकऱ्याची पत संपुष्टात आली होती.

फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ क्लेमां झ्युग्लार यांनी १८६२ मध्येच अरिष्टांचे मूळ पतपैशाच्या विस्तारात दाखविले होते. भरभराट, घसरण, मंदी व पुनरुत्थान या व्यापारचक्राच्या चार अवस्थांची कारणे आज मुख्यतः गुंतवणूक, पतपुरवठा व एकूण मागणी यांत शोधली जातात. तथापि बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील नांदूरघाटसारख्या पर्जन्यछायेतील गावांत पावसाचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. पीक बुडाले की मजुरी थांबते, खरेदी घटते व बाजारपेठ ओस पडते. धान्य मात्र महागते. अशा वेळी सार्वजनिक कामांवरील खर्चाने क्रयशक्ती टिकविता येते. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळातील दुष्काळी कामांनी हे दाखवून दिले व पुढे १९७७ च्या रोजगार हमी अधिनियमाने कामाच्या हक्कास वैधानिक आधार मिळाला.