भिंतीवरचा विजेचा इतिहास



सांगलीत जुनं घर घेताना विसार देण्याआधी मी वायरमनला घेऊन गेले. विजेचा सगळा इतिहासच तिथं भिंतीवर होता.

खोपोलीच्या टाटांच्या केंद्रातून १९१५ साली मुंबईला वीज मिळू लागली. आपल्याकडच्या घरांत ती फार उशिरा आली. माळ्यावर सागवानी पट्ट्यांवर क्लिपांनी बसवलेल्या तारा होत्या. रबर हात लावताच भुगा होत होतं. तेव्हा वीज म्हणजे चार दिवे नि एक पंखा. प्लगही दोन पिनांचे, अर्थिंग नाहीच. पुढच्या पिढीनं त्याच तारांवर फ्रीज, मिक्सर, गीझर चढवले. फ्यूज सारखा उडायचा, म्हणून चिनीमातीच्या फ्यूजमध्ये कुणीतरी जाड तांब्याची तार घातलेली. राखणदारालाच झोपवलं की! न्हाणीघरात गीझरला टेस्टर लावला, तर तो पेटला. तिथंच सासूबाई ओल्या हातानं नळ सोडणार होत्या.

पाणी गाळून पिणाऱ्या आपण, तारा न बघता घर कसं घ्यायचं? नवं वायरिंग, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी, हा खर्च किमतीतून कमी करून घेतला. मगच विसार दिला.