आल्प्सच्या खडकांची कैफियत

1905 च्या सुमारास रदरफर्डने खनिजात साठलेल्या हेलियमवरून त्याचे वय काढण्याचा उपक्रम केला, तेव्हा हा वायू स्फटिकातून निसटतो, सबब निघालेले वय किमानच समजावे लागते, हे त्या पद्धतीचे मोठे वैगुण्य ठरले. पुढे अशा गळतीलाच शास्त्रात मानाचे स्थान मिळावे, हे मोठे मौजेचे आहे.

1960 नंतरच्या दशकात बर्न येथे एमिली येगर व त्यांचे सहकारी मध्य आल्प्समधील अभ्रकांची वये रुबिडियम-स्ट्रॉन्शियम पद्धतीने काढीत असता, सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीच्या ग्रॅनाइटातील कृष्णाभ्रक अवघ्या दीड-दोन कोटी वर्षांची जबानी देऊ लागले. एखाद्याने तो दाखला बनावट म्हणून दप्तराबाहेर टाकला असता. येगरबाईंनी मात्र ताडले की, पर्वतनिर्मितीच्या उष्णतेत जुनी नोंद पुसली जाऊन, खडक सुमारे 300 अंश सेल्सियसखाली निवल्यावरच कृष्णाभ्रकाने स्ट्रॉन्शियम राखावयास आरंभ केला. श्वेताभ्रकाचा हा उंबरठा सुमारे 500 अंशांचा. तेव्हा एकाच खडकातील दोहोंच्या वयांतील अंतर म्हणजे 200 अंश निवण्यास लागलेला काळ. स्फटिकाचा आकार व निवण्याचा वेग यांनुसार हा उंबरठा सरकतो, हे डॉडसनने 1973 मध्ये गणिताने दाखविले. अपटाइटातील युरेनियमच्या विखंडनाचे सूक्ष्म ओरखडे तर सुमारे 110 अंशांखालीच टिकतात, त्यामुळे पर्वताच्या शेवटच्या काही किलोमीटर चढणीचा हिशेब त्यांच्याकडून घ्यावा लागतो. मात्र उत्थान त्वरित असल्यास उष्णताही खडकांसमवेत वर येते, म्हणून तपमानावरून खोली काढणाऱ्याने हात राखूनच आकडा लिहावा.