विस्थापन संपले, हे ओळखायचे कसे? अरुणाचलातील चकमा-हाजोंग प्रश्नाचा आढावा

विस्थापितांचा प्रश्न सुटला, असे कधी म्हणायचे? छावणी बंद झाली, जमिनीचे वाटप झाले किंवा एखादा करार झाला, की सरकारदरबारी प्रकरण मिटते. लोकांच्या आयुष्यात मात्र ते तेवढ्याने मिटत नाही. अरुणाचल प्रदेशातील चकमा आणि हाजोंग समाज हे याचे ठळक उदाहरण. त्यांना तिथे वसवून जवळपास साठ वर्षे झाली, तरी त्यांच्या तिसऱ्या पिढीलाही ‘तुम्ही कुठले?’ या प्रश्नाचे उत्तर कागदावर दाखवता येत नाही.

चकमा समाज बहुसंख्येने थेरवादी बौद्ध आहे, तर हाजोंग प्रामुख्याने हिंदू. चकमांवर अन्याय झाल्याची बातमी आली की आपल्या तरुणांमध्ये ती झपाट्याने पसरते. संतापही व्यक्त होतो. त्याच्या पुढे जाऊन, हा प्रश्न नेमका किती सुटला आणि कुठे अडला हे तपासता यावे, म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

मोजपट्टी कोणती?

देशांतर्गत विस्थापनाविषयीची मार्गदर्शक तत्त्वे संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने १९९८ मध्ये तयार झाली. पुढे २०१० मध्ये, मदतकार्य करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या समन्वय समितीने ‘टिकाऊ तोडगा’ म्हणजे काय याची चौकट मांडली. तिचा गाभा सोपा आहे. विस्थापनामुळे निर्माण झालेली वेगळी मदतीची व संरक्षणाची गरज उरली नाही आणि भेदभावाशिवाय हक्क उपभोगता येऊ लागले, तरच तोडगा टिकाऊ मानायचा. मूळ गावी परतणे, आहे तिथे सामावणे किंवा तिसऱ्या ठिकाणी वसणे, यांपैकी कोणताही मार्ग चालतो. मात्र तो लोकांनी स्वतः, पुरेशी माहिती घेऊन निवडलेला असावा.

ही प्रगती मोजण्यासाठी आठ कसोट्या दिल्या आहेत:

१. जीविताची सुरक्षितता
२. पुरेसे राहणीमान : अन्न, पाणी, निवारा, आरोग्य, शिक्षण
३. उपजीविकेची साधने
४. घर, जमीन व मालमत्तेचा हक्क किंवा भरपाई
५. ओळखीची व इतर कागदपत्रे
६. ताटातूट झालेल्या कुटुंबांचे एकत्र येणे
७. सार्वजनिक कारभारात समान सहभाग
८. झालेल्या नुकसानीबद्दल न्याय मिळण्याची सोय

ही चौकट देशाच्या आतच विस्थापित झालेल्यांसाठी आहे. चकमा-हाजोंग सीमा ओलांडून आले, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने त्यांचे प्रकरण वेगळे आहे. पण कसोट्यांमागचे प्रश्न त्यांनाही लागू पडतात.

प्रश्न आला कुठून?

तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील चितगावच्या डोंगराळ प्रदेशात कर्णफुली नदीवर कप्ताई धरण बांधले गेले. १९६२ च्या सुमारास ते पूर्ण झाले. सुमारे ५४ हजार एकर शेतजमीन, म्हणजे त्या प्रदेशातील लागवडयोग्य जमिनीच्या जवळपास ४० टक्के, पाण्याखाली गेली. सुमारे एक लाख लोक उठले आणि त्यांत चकमा सर्वाधिक होते. त्यांतील हजारो लोक भारतात आले. हाजोंग प्रामुख्याने मैमनसिंग भागातून, धार्मिक छळामुळे आले.

१९६४ ते १९६९ या काळात भारत सरकारने सुमारे १५ हजार लोकांना नेफामध्ये, म्हणजे आजच्या अरुणाचलात वसवले. जमीन दिली, मदत दिली. हे लोक चोरून घुसलेले नव्हते, सरकारनेच त्यांना तिथे नेले होते. पण नेफाचा कारभार तेव्हा केंद्राच्या वतीने आसामचे राज्यपाल पाहत. निवडून आलेले स्थानिक सरकार नव्हते. ज्यांच्या भूमीत हे लोक वसणार होते, त्या जमातींच्या प्रतिनिधींची संमती घेण्याची व्यवस्थाच नव्हती. पुढच्या साऱ्या तंट्याचे मूळ इथे आहे.

कसोट्यांवर काय दिसते?

सुरक्षितता : १९९४ मध्ये विद्यार्थी संघटनेने चकमांना राज्य सोडून जाण्याची मुदत दिली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ जानेवारी १९९६ च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की घटनेचे २१ वे कलम केवळ नागरिकांना नव्हे, तर प्रत्येक व्यक्तीला जीविताचे संरक्षण देते आणि ते देणे राज्याचे कर्तव्य आहे. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या मसुद्यातील ‘व्यक्ती’ या एका शब्दाचे मोल किती, हे या निकालातून कळते. तरीही टांगती तलवार गेली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मुख्यमंत्री पेमा खांडू यांनी चकमा-हाजोंगांना राज्याबाहेर वसवण्याची भूमिका जाहीर केली.

जमीन व उपजीविका : चांगलांग जिल्ह्यातील दियून, मियाओ, बोर्डुम्सा या भागांत लोक शेती करतात. पण जमिनीवरचा त्यांचा हक्क पक्का नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकांत सरकारी नोकऱ्या, शिधापत्रिका, व्यापार परवाने यांवर निर्बंध आले. मिझोराम व त्रिपुरात चकमा अनुसूचित जमातीत आहेत आणि मिझोराममध्ये १९७२ पासून त्यांची स्वायत्त जिल्हा परिषद आहे. अरुणाचलात मात्र त्यांना तो दर्जा नाही.

कागदपत्रे : सगळे अडते ते इथेच. नागरिकत्व कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने नागरिक ठरते. म्हणजे वसाहतीत जन्मलेल्या पहिल्या पिढीचा आणि त्या आधारे त्यांच्या मुलांचा दावा भक्कम आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांचे अर्ज मात्र जिल्हा पातळीवरच अडकून राहिले. १७ सप्टेंबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पात्र व्यक्तींना नागरिकत्व देण्याची प्रक्रिया तीन महिन्यांत पूर्ण करण्यास सांगितले. ती मुदत कधीच उलटून गेली. २०२२ मध्ये राज्य सरकारने निवासी दाखलेही थांबवले. दाखला नसेल तर भरतीचा आणि प्रवेशाचा अर्ज अडतो, हे आपल्या तरुणांना वेगळे सांगायला नको.

२०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात बौद्धांचा उल्लेख आहे, म्हणून प्रश्न सुटला असे काहींना वाटते. ते खरे नाही. इनर लाइन परवान्याचे क्षेत्र त्या कायद्यातून वगळले आहे आणि अरुणाचल त्यातच येते.

सहभाग व न्याय : न्यायालयीन लढ्यानंतर २००४ मध्ये पहिल्यांदा सुमारे दीड हजार चकमांना मतदान करता आले. न्यायालयाचे दार उघडे आहे, निकालही बाजूने लागले. अंमलबजावणी मात्र झाली नाही. त्यामुळे आठवी कसोटी कागदावर पूर्ण आणि प्रत्यक्षात अपुरी आहे.

स्थानिक समाजाचे काय?

आपल्या चर्चेत नेहमी सुटतो तो हा भाग. २०११ च्या जनगणनेनुसार अरुणाचलात चकमा-हाजोंगांची संख्या ४७ हजारांच्या आसपास होती, तर राज्याची लोकसंख्या सुमारे १३.८ लाख. राज्याच्या हिशेबात हे प्रमाण साडेतीन टक्केही नाही. पण यांतील बहुसंख्य लोक एकाच चांगलांग जिल्ह्यात आहेत आणि त्या जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा सुमारे १.४८ लाख होती. तिथल्या सिंगफो, तांगसा यांसारख्या छोट्या जमातींना आपली जमीन, भाषा आणि मताचे वजन जाईल अशी भीती वाटते. १८७३ च्या नियमनातून आलेली इनर लाइनची व्यवस्था त्यांना आपले कवच वाटते. या भीतीचा वापर राजकारणासाठी होतो हे खरे, पण म्हणून ती खोटी ठरत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. सिंगफो आणि शेजारच्या खामती या जमातीही थेरवादी बौद्ध आहेत. म्हणजे या वादात दोन्ही बाजूंना बौद्ध आहेत. ‘बौद्धांवर अन्याय’ एवढेच सूत्र धरले तर आपण अर्धाच प्रश्न पाहतो. चकमांची बाजू घ्यायची ती ते बौद्ध आहेत म्हणून नव्हे, तर त्यांचे घटनात्मक हक्क डावलले गेले आहेत म्हणून.

स्थानिकांना वगळले की काय होते, हे त्रिपुरात दिसले. १९९७ मध्ये मिझोराममधून विस्थापित झालेल्या ब्रू (रियांग) लोकांना त्रिपुरातच वसवण्याचा करार १६ जानेवारी २०२० रोजी झाला. सुमारे ३४ हजार लोकांसाठी ६०० कोटींची योजना आली. प्रत्येक कुटुंबाला भूखंड, चार लाखांची मुदत ठेव, घरबांधणीस दीड लाख, दोन वर्षे दरमहा पाच हजार आणि मोफत धान्य अशा तरतुदी होत्या. विस्थापितांच्या दृष्टीने हा मोठा टप्पा होता. पण कांचनपूर भागातील रहिवाशांनी विरोध केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पानिसागर येथे आंदोलनात गोळीबार होऊन जीव गेला. योजनेत कुटुंबागणिक हिशेब होता, शेजारच्या गावांशी समझोता तेवढा भक्कम नव्हता.

महाराष्ट्राला हे अनोळखी नाही. आपल्या पुनर्वसन कायद्यांनी धरणग्रस्तांसाठी लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांची जमीन घेण्याची तरतूद केली. त्यामुळे पुनर्वसित गावठाण आणि मूळ गाव यांच्यातला पाणी, गायरान, स्मशानभूमीचा ताण अनेक कार्यकर्त्यांनी जवळून पाहिला आहे.

तपासताना काय विचारावे?

विस्थापितांच्या कुठल्याही प्रश्नावर भूमिका घेण्याआधी आम्ही पुढील प्रश्न विचारावेत असे सुचवतो:

- निर्णय घेताना विस्थापितांना आणि स्थानिकांना, दोघांनाही विचारले का?
- दाखला, शिधापत्रिका, मतदार यादीतील नाव : यांपैकी काय प्रत्यक्ष हातात आहे?
- स्त्रिया आणि तरुणांची स्थिती कुटुंबप्रमुखाच्या नोंदीआड झाकली जाते का?
- विस्थापितांची तुलना शेजारच्या गावाशी केली का? दोघांनाही शाळा-दवाखाना नसेल, तर मागणी दोघांसाठी हवी.
- न्यायालयाच्या निकालाची अंमलबजावणी कोणत्या कार्यालयात थांबली आहे?

चकमा-हाजोंगांच्या बाबतीत या प्रश्नांतून दोन मागण्या पुढे येतात. नागरिकत्वाचे प्रलंबित अर्ज न्यायालयाच्या आदेशानुसार निकाली काढावेत आणि निवासी दाखले पुन्हा सुरू करावेत. त्याच वेळी स्थानिक जमातींच्या जमिनीचे व प्रतिनिधित्वाचे संरक्षण लेखी स्वरूपात पक्के करावे. यांपैकी एकीसाठी दुसरी अडवून ठेवली, म्हणूनच साठ वर्षे गेली. आपल्या निवेदनांत आणि मोर्च्यांत या दोन्ही मागण्या एकत्र यायला हव्यात.