तिरप्या ठळक अक्षराची वंशावळ

स्मृतिव्याख्यानासाठी मुद्राक्षरासारखा विषय निवडला, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु ज्या अक्षरांतून आपण सारे वाङ्मय वाचतो त्यांचा इतिहास वाङ्मयाच्या अभ्यासकाने कारागिरांवर सोपवून मोकळे व्हावे, हे मला पटत नाही. छापखान्यात ज्याला ‘बोल्ड इटालिक’ म्हणतात ते तिरपे आणि ठळक अक्षर आज लग्नपत्रिकेपासून निवडणुकीच्या फलकापर्यंत सर्वत्र दिसते. ते कोणत्या गरजेतून जन्मले आणि ती गरज आपल्या मराठीची आहे काय, एवढाच आजचा प्रश्न.

तिरपेपणा आणि ठळकपणा ही दोन वेगळ्या घराण्यांतील अपत्ये होत. तिरपे अक्षर व्हेनिसचे. आल्डुस मानुटिउस या विद्वान प्रकाशकासाठी फ्रांचेस्को ग्रिफो याने ते कोरले आणि १५०१ साली व्हर्जिलचे काव्य संपूर्णपणे त्याच अक्षरात, हातात मावेल अशा लहान आकारात निघाले. नमुना होता तत्कालीन इटालियन पंडितांच्या जलद हस्ताक्षराचा. एखाद्या शब्दावर जोर देणे हा हेतू त्यात मुळीच नव्हता. सबंध ग्रंथच तिरपा असे, आणि मोठी अक्षरे मात्र सरळ उभी! सरळ मजकुरात एखादाच शब्द तिरपा करण्याची रीत पुढची आहे. अक्षराचा विशेषाधिकार आल्डुसला मिळाला. ज्याने पोलाद कोरले त्या ग्रिफोने पुढे व्हेनिस सोडले. कारागीर आणि मालक यांचा हा हिशेब कोणत्याच शतकात सरळ सुटलेला नाही.

ठळक अक्षर विद्वानांचे नव्हे, बाजाराचे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या भिंती जाहिरातींनी भरू लागल्या आणि ग्रंथासाठी ओतलेली नाजूक अक्षरे रस्त्यापलीकडून दिसेनाशी झाली. तेव्हा रॉबर्ट थॉर्नप्रभृती टाइप ओतणाऱ्यांनी अक्षराचे उभे दांडे फुगवले आणि आडव्या रेषा केसासारख्या बारीक ठेवल्या. याला ‘फॅट फेस’ हे सार्थ नाव मिळाले. थॉर्नच्या मृत्यूनंतर १८२० साली त्याची फॅन स्ट्रीटवरील ओतशाळा विल्यम थॉरोगुड याने लिलावात घेतली, आणि ती लॉटरीत लागलेल्या पैशांतून, असे मुद्रणाचे इतिहासकार सांगतात. योग असा की ही जाडी अक्षरे लॉटरीच्याच जाहिरातींवर गाजत होती. ब्रिटिश सरकारची ती लॉटरी १८२६ साली बंद झाली. अक्षर मात्र राहिले. थॉरोगुडच्या नावाने ओळखले जाणारे तिरपे फॅट फेस हे आपल्या विषयाचे नमुनेदार उदाहरण होय. जाडीमुळे अक्षर जागीच बसते, तिरपेपणामुळे ते धावते. बसलेल्याला धावायला लावण्यातच त्याची सारी गंमत आहे. परिच्छेदभर वाचवत नाही, पण तीन शब्द विसरवत नाहीत. याच ओतशाळेतून १८४५ साली रॉबर्ट बेझ्लीचे ‘क्लॅरेंडन’ निघाले आणि ठळक अक्षर भिंतीवरून शब्दकोशाच्या पानात आले.

इंग्रजी छपाईबरोबर हे सर्व आपल्याकडे पोहोचले. परंतु देवनागरीची घडण वेगळी. रोमनमध्ये तिरप्या अक्षराचे वळणच बदलते. ‘ए’ आणि ‘एफ’ ही लहान अक्षरे पाहावीत. देवनागरीत मात्र तेच अक्षर नुसते कलंडते. शिरोरेषा आडवी राहते आणि खालचे दांडे वाऱ्याने झुकलेल्या कुंपणासारखे दिसतात. डिग्री पद्धतीच्या खिळ्यांत मात्रा, वेलांट्या वर आणि उकार खाली वेगळे जुळवावे लागत. अक्षर उजवीकडे कलले की वरचा तुकडा उजवीकडे आणि खालचा डावीकडे सरकायला हवा. जुळाऱ्याने तो सरकवावा कसा? जाडीचे संकट निराळे. ‘द्ध’ किंवा ‘ष्ट्य’ फुगवला की पोटातली पोकळी शाईने बुजते. जावजी दादाजींनी १८६४ साली ओतशाळा आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. त्या अक्षराची कीर्ती झाली ती सरळ, प्रमाणबद्ध, सुवाच्य वळणावर.

आपल्याकडे धावती लिपी नव्हती असे नाही. बडोद्याच्या दरबारी दफ्तरात शतकाहून अधिक काळ मोडीच धावत होती. बोरू कमीत कमी उचलावा म्हणून घडलेली ही लिपी व्हेनिसच्या त्या पंडिती हस्ताक्षराची आपल्या परीने भावंडच म्हणावी. श्रीरामपूरला विल्यम कॅरेने तिचे खिळेही पाडून घेतले; त्याचा १८१० चा मराठी कोश मोडी खिळ्यांत छापला आहे. पण मोडी आणि बालबोध एका ओळीत सोबतिणी म्हणून नांदू लागल्या नाहीत. मोडी हिशेबाची राहिली, बालबोध ग्रंथाची.

याचे एक कारण मला भाषेत दिसते. इंग्रजीला ‘ही’ या सर्वनामावर जोर द्यायचा तर ते तिरपे छापावे लागते. मराठी ‘तोच’ म्हणून मोकळी होते. ‘च’, ‘ही’, ‘तर’, ‘सुद्धा’ ही आपली तिरपी अक्षरेच आहेत, आणि ती वाचतानाच नव्हे, ऐकतानाही कळतात. भाषांतरित पुस्तकांत ‘तो’ हा शब्द तिरपा केलेला आढळतो तेव्हा अनुवादकाने अक्षर उचलले आणि भाषा तिथेच ठेवली, असे म्हणावे लागते. संगणक आल्यापासून तर एक कळ दाबली की परिच्छेदच्या परिच्छेद कलंडतो. आमच्या संस्थांचे अहवाल आणि निमंत्रणपत्रिका असे छापले जातात, आणि महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलाला, ज्याच्या दृष्टीस मराठी पान मुळातच क्वचित पडते, जोडाक्षरे आणखी अवघड होऊन बसतात.

मात्र या अक्षराला मराठीत जागाच नाही असे मी म्हणणार नाही. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने ती जागा केव्हाच शोधली. त्याला खिळ्यांचे बंधन नसे. तो अक्षर नव्हे, सबंध शब्द काढी: शिरोरेषा चढती करी, कुठे तोडी, वेलांटी शब्दावरून लांबवी, जोडाक्षर बुजू लागले तर शेजारच्या अक्षराची जागा घेऊन त्याला रुंद करी. तिरपे आणि ठळक मराठी अक्षर ज्यांना पाहायचे असेल त्यांनी संगणकाआधी, जुन्या पेठेतल्या एखाद्या टिकून राहिलेल्या पाटीपुढे उभे राहावे.