मटक्याचा चार्ट आणि पोकरचा आलेख

मुंबईच्या आकड्याच्या जुगाराचे मूळ कापसात आहे. न्यूयॉर्क कॉटन एक्सचेंजचे उघडते आणि बंद भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या कापूस बाजारात येत आणि त्या भावांतल्या अंकांवर पैसे लागत. १९६१ मध्ये हे भाव येणे थांबले. १९६२ मध्ये कल्याणजी भगतने वरळी मटका आणि १९६४ मध्ये रतन खत्रीने न्यू वरळी मटका सुरू केला. आता आकडे मडक्यातल्या चिठ्ठ्यांतून, पुढे पत्त्यांच्या कॅटमधून निघू लागले. ओपन आणि क्लोज ही बाजारातली नावे तेवढी टिकली.

गिरणगावात हा खेळ फोफावला आणि त्याच्याबरोबर निघालेल्या आकड्यांचे चार्टही. ओपनला ३, ५, ६ निघाले तर बेरीज १४, म्हणून एककाचा आकडा ४. क्लोजला १, २, ८ निघाले तर बेरीज ११, म्हणून आकडा १. चार्टवर नोंद होते ३५६-४१-१२८. अशा आठवड्यामागून आठवड्यांच्या ओळी खेळणारे तासन्‌तास न्याहाळत. कोणता आकडा बरेच दिवस आलेला नाही, कोणती जोडी कोणत्या वारी फिरून येते, हे त्यांतून काढले जाई. नोंद ठेवण्याची शिस्त वाखाणण्यासारखी होती, पण तिचा उपयोग शून्य. सोडत सचोटीची असेल तर सातचा आकडा दहा दिवस आला नाही म्हणून अकराव्या दिवशी येण्याची शक्यता वाढत नाही. आणि ज्या आकड्यावर कमी पैसे लागले तोच काढला जात असेल (हा संशय कायमचा होता), तर जुना चार्ट आणखीच निकामी. सुट्या आकड्याला एकास नऊ हा भाव धरला तर दर शंभर रुपयांमागे सरासरी दहा रुपये बुकीकडे जातात. खेळणारा आपल्या जमाखर्चाची वही क्वचितच ठेवी. वर्षभराची ठेवली असती तर हीच गळती त्यात दिसली असती.

१९८२ च्या गिरणी संपाने गिरणगाव मोडले आणि मटक्याचा मोठा गिऱ्हाईकवर्ग गेला. पुढे जगात दुसराच पत्त्यांचा खेळ घरोघरच्या पडद्यावर पोहोचत होता. २००३ मध्ये इंटरनेटवरून पात्र ठरलेल्या ख्रिस मनीमेकरने पोकरची जागतिक स्पर्धा जिंकली आणि ऑनलाइन टेबले भरू लागली.

पोकरमध्ये पैसे समोरच्या खेळाडूकडून जिंकायचे असतात, त्यामुळे इथल्या नोंदींना अर्थ असतो. पोकरट्रॅकर, होल्डेम मॅनेजर यांसारखी सॉफ्टवेअर प्रत्येक डावाची फाइल वाचून डेटाबेसमध्ये टाकतात. जिंकण्याचा दर मोजतात तो दर शंभर डावांमागे किती ‘बिग ब्लाइंड’ (पत्ते वाटण्याआधी लावायची सक्तीची मोठी रक्कम) मिळाले यावर. आलेखात हिरवी रेघ एकूण कमाईची, निळी पत्ते उघडून मिळालेल्या पैशांची, तांबडी पत्ते न उघडताच मिळालेल्यांची. महिना, टेबलाची रक्कम, बसण्याची जागा असे निवडून दर कुठे पडला ते शोधता येते.

खरी अडचण चढउतारांच्या आवाक्याची आहे. सहा जणांच्या नो-लिमिट खेळात शंभर डावांमागचे प्रमाणित विचलन साधारण १०० बिग ब्लाइंड धरले, तर दहा हजार डावांनंतरही दराचा अंदाज दोन्हीकडे २० ने चुकू शकतो. एक लाखानंतर सुमारे ६ ने. चांगल्या खेळाडूचा दरच ५ च्या आसपास असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांची जरब कळते. काळानुसार बदल मोजणे त्याहून कठीण. पहिल्या पन्नास हजार डावांत दर ८ आणि पुढच्या पन्नास हजारांत २ आला, तर खेळाडू घसरला असे म्हणण्याची घाई होते. पण अशा दोन तुकड्यांच्या फरकात साडेबाराचा चढउतार निव्वळ नशिबाने येऊ शकतो. सहाचा फरक त्यात सहज बसतो. प्रत्यक्ष टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात, म्हणजे लाख डावांना तेहतीसशे ते चार हजार तास. एका वेळी अनेक ऑनलाइन टेबलांवर खेळणाऱ्यालाच एवढी नोंद जमवणे शक्य झाले. चार्टवाल्याची घाई सॉफ्टवेअर हाती आल्यानेही सुटत नाही. आलेखाचा शेवटचा उतार पाहून खेळ बदलणारे पुष्कळ.

कायद्यालाही कौशल्य आणि नशीब यांचा हाच हिशेब सोडवायचा होता. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. १९५७ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कौशल्याची कसोटी घालून दिली, १९६८ मध्ये रमीला कौशल्याचा खेळ ठरवले. पोकरबाबत न्यायालयांचे एकमत झाले नाही: २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने तो नशिबाचा खेळ मानला, इतर काही न्यायालयांनी कौशल्याचा. वाद खेळाच्या स्वरूपावर चालला. लाखो डावांच्या नोंदी हाताशी असताना त्यांना निकालात फारसे स्थान मिळाले नाही, ही त्यातली उणीवच म्हटली पाहिजे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि पैसे लावून पोकर खेळवणाऱ्या भारतीय कंपन्यांनी आपली टेबले बंद केली. पैशांच्या ऑनलाइन खेळाची त्या कायद्यातली व्याख्या स्पष्ट आहे: खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो वा दोन्हींचा, बंदी सारखीच.