‘वीजळी’ ते बॅटरी: मुंबईच्या प्रवासी बोटींची दोन शतके

१/
नोव्हेंबर १८८८. कच्छच्या मांडवी बंदरातून एक आगबोट मुंबईकडे निघाली. नाव ‘वैतरणा’, पण हे नाव फारसे कोणाच्या तोंडी नव्हते. बोटीवर विजेचे दिवे होते आणि त्या काळी गिरगावच्या चाळींतही तेलाचे दिवे मिणमिणत असत. या झगमगाटामुळे लोकांनी तिला नवे नाव दिले होते : ‘वीजळी’.

२/
८ नोव्हेंबरला सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत चक्रीवादळाने ‘वीजळी’ला गाठले. ना बोटीचा सांगाडा मिळाला, ना माणसे. सातशेहून अधिक जीव गेले. मुंबई इलाख्याने चौकशी समिती नेमली. समितीला आढळले ते असे : बोट अवघी तीन वर्षांची होती, पण तिच्यावर जीवरक्षक नौका आणि जीवरक्षक साधने पुरेशी नव्हती. दिवे होते; वाचण्याची सोय नव्हती.

३/
आज मुंबई पुन्हा विजेच्या बोटींची वाट पाहत आहे. या खेपेस वीज दिव्यांपुरती नाही, ती पंखा फिरवणार आहे. गेटवे, भाऊचा धक्का, घारापुरी, मोरा, रेवस या जलमार्गांवरील जुन्या डिझेल लाँचांच्या जागी बॅटरीवरील बोटी याव्यात, अशी चर्चा सुरू आहे. या शहराने बोटींची चालकशक्ती याआधी दोनदा बदलली आहे. त्या बदलांचा इतिहास काय सांगतो?

४/
आरंभ शिडापासून. मचवे, पडाव, फत्तेमाऱ्या हीच मुंबई आणि कोकण यांच्यातील वाहने होती. प्रवासाचे वेळापत्रक वारा आणि भरती-ओहोटी ठरवीत. पावसाळ्यात समुद्र बंद. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण झाला की तांडेल पुन्हा शीड उभारणार. इंधन फुकट होते, पण कधी पोहोचणार याची हमी नव्हती.

५/
२० मार्च १८३० रोजी मुंबई बंदरातून ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट सुएझकडे निघाली. मुंबईच्याच गोदीत बांधलेली, ४११ टनांची. तिच्यात साडेपाच दिवस पुरेल इतकाच कोळसा ठेवण्याची जागा होती आणि एडनपर्यंतचा प्रवास होता अकरा दिवसांचा. म्हणून मिळेल त्या कोपऱ्यात कोळसा भरला गेला. बोट एडनला पोहोचली तेव्हा जेमतेम सहा तासांचा कोळसा उरला होता.

६/
‘बॅटरी मध्येच संपली तर?’ ही आजची चिंता १८३० मध्ये ‘कोळसा मध्येच संपला तर?’ अशी होती. इंग्रजांनी १८३९ मध्ये एडन घेतले आणि त्यामागे कोळशाच्या ठाण्याची गरज हे एक मोठे कारण होते. नवे इंजिन केवळ बोटीत बसवून भागत नाही. त्याच्यासाठी किनाराही नव्याने उभारावा लागतो. हा या कथेतील पहिला धडा.

७/
किनारा उभारणाऱ्यांत मुंबईचा एक माणूस ठळक आहे. लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य, लोकांचे ‘भाऊ’. कंपनी सरकारच्या काळात त्यांनी भराव घालून धक्का बांधला. त्याआधी ओहोटीच्या वेळी उतारूंना चिखल तुडवीत किनारा गाठावा लागे. सरकारी कागदोपत्री नावे बदलत राहिली. उतारूंच्या तोंडी मात्र ‘भाऊचा धक्का’ हेच नाव टिकले.

८/
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोकणच्या फेऱ्यांवर आगबोटींचे राज्य आले. यांत शेफर्ड कंपनीचे नाव घरोघरी पोहोचले. ‘वीजळी’ही तिचीच. या बोटी वाऱ्याची वाट पाहत नव्हत्या. पण कोकणातल्या बहुतेक बंदरांत धक्केच नव्हते. आगबोट खोल पाण्यात उभी राही आणि हलत्या पडावातून उतारू, पेट्या, वळकट्या, कडेवरची मुले किनाऱ्याला नेली जात. वाफेचे नवे यंत्र आणि जुना पडाव यांच्यामधली ती उडी प्रवासातली सर्वांत अवघड गोष्ट होती.

९/
या बोटींनी मुंबईला माणसे दिली. ताडदेवची पहिली कापडगिरणी १८५०च्या दशकात सुरू झाली आणि पुढे लालबाग, परळ, भायखळ्याचे गिरणगाव वाढत गेले. रत्नागिरी-कुलाब्याचा चाकरमानी बोटीने येई, गिरणीत लागे, चाळीत खाट टाके आणि गणपती-शिमग्याला पुन्हा बोटीने गावी जाई. गिरणगावाचे नाते भोंग्याशी होते, तसेच आगबोटीच्या कर्ण्याशीही होते.

१०/
याच काळात जमिनीवर दुसरा बदल घडला. ९ मे १८७४ पासून मुंबईत घोड्यांची ट्राम धावत होती. कंपनीच्या तबेल्यांत शेकडो घोडे होते. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम सुरू झाली. पुढे तिचे रूळ परळमार्गे दादरपर्यंत गेले. ३१ मार्च १९६४ रोजी ट्राम थांबली, तरी ‘दादर टी.टी.’ या नावात ‘ट्राम टर्मिनस’ अजून जिवंत आहे.

११/
ट्रामच्या या बदलात एक बारकावा आहे. वीज पुरवणारी आणि ट्राम चालवणारी कंपनी एकच होती. तिचे वाडी बंदर येथील वीजकेंद्र १९०५ मध्येच उभे राहिले. विजेची ट्राम त्यानंतर आली. आधी वीज, मग वाहन. बोटींच्या बाबतीत आज हाच क्रम पाळावा लागणार आहे.

१२/
पुन्हा समुद्राकडे. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वदेशीचे वारे वाहू लागले, तेव्हा परक्या कंपनीला उत्तर म्हणून भारतीय भांडवलाची सहकारी आगबोट कंपनी निघाली. कोकणी माणसाने तिला आपलेपणाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हटले. बोटींची नावेही आपली : ‘तुकाराम’, ‘रामदास’. मालकी बदलली, अभिमान जागा झाला. सुरक्षितता मात्र अभिमानाच्या मागोमाग आपोआप आली नाही.

१३/
११ नोव्हेंबर १९२७ रोजी एकाच वादळी दिवशी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन्ही बोटी बुडाल्या. त्यानंतर वीस वर्षांनी, स्वातंत्र्य महिन्याभरावर आले असताना, मुंबईच्या सागरी इतिहासातला सर्वांत काळा दिवस उजाडला.

१४/
१७ जुलै १९४७, सकाळी आठच्या सुमारास ‘रामदास’ भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. १९३६ साली इंग्लंडमधील नामांकित कारखान्यात बांधलेली पोलादी बोट. सुमारे सातशे माणसे. त्यांतली बरीचशी गिरगाव-परळची. आकाश भरलेले, समुद्र खवळलेला. अर्ध्या तासाने काश्याच्या खडकाजवळ मोठी लाट आदळली, घाबरलेले उतारू एका बाजूला सरकले आणि बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली.

१५/
मुंबईला हे कळले संध्याकाळच्या सुमारास. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रच नव्हते. धक्का काही मैलांवर असूनही हाक पोहोचत नव्हती. जी थोडी माणसे वाचली, त्यांतली अनेक रेवसकडच्या कोळी बांधवांमुळे. मुंबईला मासळी घेऊन निघालेल्या त्या मचव्यांनी मासळी समुद्रात फेकून माणसांना जागा करून दिली, असे आजही त्या किनाऱ्यावर सांगतात.

१६/
‘वीजळी’ आणि ‘रामदास’ यांच्यात एकोणसाठ वर्षांचे अंतर आहे. दोन्ही वेळी यंत्र नादुरुस्त नव्हते. कमी पडल्या त्या साध्या गोष्टी : हवामान पाहून फेरी रद्द करण्याचा अधिकार, जीवरक्षक साधने, संदेशाची सोय. इंजिन बदलले की बोट वेगवान होते, स्वस्त होते, नियमित होते. ती सुरक्षित होते नियमांनी, आणि नियम पाळून घेणाऱ्या माणसांनी. हा दुसरा धडा.

१७/
वाफेनंतर डिझेल आले. कोळसा झोकणारा खलाशी गेला, धुरांडे आखूड झाले. रस्ते सुधारले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि कोकणची मोठी बोट आठवणीत जमा झाली. बंदरातील छोट्या फेऱ्या मात्र टिकल्या. गेटवे-घारापुरी, भाऊचा धक्का-मोरा, भाऊचा धक्का-रेवस : यांवर लाकडी बांध्याच्या डिझेल लाँच दशकानुदशके धावत राहिल्या. उरण-अलिबागच्या नोकरदारांसाठी आणि घारापुरीच्या रहिवाशांसाठी ही सहल नव्हे, रोजची वाट आहे.

१८/
१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या लाँचवर इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची वेगवान बोट आदळली. पंधरा जणांचा मृत्यू झाला. टक्कर लाँचच्या हातची नव्हती. परंतु ८४ प्रवासी आणि ६ कर्मचारी इतकाच परवाना असलेल्या लाँचवर शंभराहून अधिक माणसे होती, असे तेव्हा समोर आले. त्यानंतर प्रवाशांना जीवरक्षक जाकीट सक्तीचे झाले. १८८८च्या समितीने दाखवलेली उणीव १३६ वर्षांनी नियम बनून आली.

१९/
आता बॅटरीकडे. एक किलो डिझेलमध्ये सुमारे १२ किलोवॅट-तास ऊर्जा असते. बोटीवरच्या एक किलो बॅटरीसंचात साधारण ०.१ ते ०.२. विजेची मोटर ऊर्जा फारच कमी वाया घालवते, तरीही अंतर मोठे राहते. शिवाय वेग दुप्पट करायचा तर शक्ती ढोबळमानाने आठपट लागते. म्हणून विजेची बोट हलकी, निमुळती, बहुधा जुळ्या सांगाड्याची असते आणि ठरावीक, आखूड फेऱ्यांना शोभते.

२०/
२०१५ मध्ये नॉर्वेत ‘अँपिअर’ ही बॅटरीवरील मोटारवाहू फेरी सुरू झाली. सुमारे वीस मिनिटांची फेरी, मग दहा मिनिटे चार्जिंग. दोन्ही गावांची वीजवाहिनी एवढा भार एकदम पेलू शकत नव्हती. म्हणून धक्क्यांवरच मोठे बॅटरीसंच ठेवले गेले, जे सावकाश भरतात आणि बोट आली की झटकन देतात. एडनच्या कोळशाच्या ठाण्याची ही आधुनिक आवृत्तीच.

२१/
भारतात केरळ पुढे गेले. जानेवारी २०१७ मध्ये वैकमजवळ ७५ आसनांची ‘आदित्य’ ही सौर फेरी सुरू झाली. एप्रिल २०२३ मध्ये कोची वॉटर मेट्रो. कोचीत बोटींसोबत तरंगते धक्के, तिकीट-फाटके आणि चार्जिंगची सोय एकत्र आखली गेली. तरंगता धक्का पाण्याबरोबर वरखाली होतो, त्यामुळे वृद्ध आणि अपंग प्रवासीही पातळी न बदलता बोटीत शिरतात. कोकणातल्या पडावावरची उडी तेथे उरलेली नाही.

२२/
मात्र कोचीचे पाणी खाडीचे, शांत. मुंबईचे बंदर उघड्या समुद्राला लागून आहे. मोठ्या उधाणात भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या घरात जातो, मालवाहू जहाजांची वर्दळ अखंड असते आणि पावसाळ्यात अनेक फेऱ्या बंद ठेवाव्या लागतात. खवळलेल्या पाण्यात बॅटरी लवकर उतरते. त्यामुळे कोचीची बोट उचलून गेटवेला सोडली, इतके हे सोपे नाही.

२३/
आणि पलीकडच्या धक्क्यावर वीज? घारापुरी बेटावरील गावांना सलग वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्रतळाखालून टाकलेल्या साडेसात किलोमीटरच्या केबलमधून. तोवर संध्याकाळचे काही तास डिझेल जनित्राचा आधार होता. समोर मुंबईचा झगमगाट आणि बेटावर अंधार, अशी सत्तर वर्षे गेली. बेटाचा दिवा आला. आता बेटाच्या बोटीला वीज पुरेल अशी व्यवस्था हवी.

२४/
२०२५ मध्ये गेटवे ते जेएनपीए मार्गावर लाकडी बोटींच्या जागी विजेच्या बोटी आणण्याची घोषणा झाली, आणि मुंबईच्या वॉटर मेट्रोच्या आखणीसाठी कोचीच्या अनुभवी संस्थेची मदत घेण्याचे ठरले. धूर आणि तेलाचा तवंग जाईल, कानठळ्या थांबतील, इंधनाचा खर्च घटेल. हे लाभ खरे आहेत आणि शंभर वर्षांपूर्वीच्या ट्रामइतकेच स्वागतार्ह आहेत.

२५/
दोन प्रश्न मात्र बोटीच्या आधी सोडवावे लागतील. बॅटरीच्या बोटीची किंमत मोठी. मग एकदोन लाँचांवर घर चालवणारे मालक, तांडेल आणि खलाशी यांना या बदलात स्थान कोणते? आणि बॅटरीचे धोके वेगळे आहेत. २०१९ मध्ये नॉर्वेतल्याच एका फेरीच्या बॅटरी-कक्षात आग लागली होती. ती आग नेहमीच्या पद्धतीने विझत नाही. त्यासाठी खलाशांना वेगळे शिक्षण द्यावे लागते.

२६/
‘वीजळी’च्या उतारूंनी दिवे पाहिले आणि बोटीवर विश्वास टाकला. यात त्यांची चूक नव्हती. जीवरक्षक नौका मोजणे हे उतारूचे काम नव्हे. ते काम बंदरात उभ्या असलेल्या अधिकाऱ्याचे होते, १९४७ मध्येही होते आणि आजही आहे. मुंबईची पहिली बॅटरीवरची मोठी फेरी गेटवेवरून सुटेल, तेव्हा तिच्या मोटरीची क्षमता वर्तमानपत्रांत छापून येईलच. त्या दिवशी पाहण्याजोगा आकडा दुसराच असेल : परवाना किती जणांचा, आणि चढले किती.