गोल्फचा फटका आणि अंबाडीची गोफण

आमच्या मानवतला गोल्फचे मैदान नाही, आणि होईल असे वाटतही नाही. कापसाची जिनिंग, मोंढा आणि भोवती काळी जमीन. इथे एवढ्या हिरवळीला पाणी कोण घालणार? मी जन्मात गोल्फची काठी हातात धरलेली नाही. तरीही ७ ऑगस्ट २०२१ पासून हा खेळ डोक्यात बसला आहे. त्या दिवशी भल्या पहाटे उठून टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचा खेळ पाहिला. एका फटक्याने पदक हुकले, चौथी आली. (संध्याकाळी नीरज चोप्राला सुवर्ण मिळाले आणि सकाळचे सगळे विसरले. असो.) तिचा लांबचा फटका इतरांपेक्षा तोकडा पडत होता हे मलाही दिसत होते. मग मनात आले, चेंडू लांब जातो तो नेमका कशाने? आमचे उत्तर ठरलेले, जोराने!

शोधू लागलो तेव्हा कळले की हे कोडे भल्याभल्यांना सुटले नव्हते. स्वतः खेळाडू काय करतो हे त्यालाच नीट सांगता येत नसे. अमेरिकेच्या बॉबी जोन्सने १९३० साली एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, त्यावर शिकवणीचे चित्रपट काढले. बेन होगन १९४९ च्या मोटार अपघातातून मरता मरता वाचला, पुढच्याच वर्षी यूएस ओपन जिंकला आणि १९५७ मध्ये त्याचे पाच धड्यांचे पुस्तक आले. पण खेळाडू सांगतो ते त्याला जाणवलेले असते. शरीर प्रत्यक्षात काय करते, ते एजर्टन यांच्यासारख्यांनी १९३० च्या दशकात लुकलुकत्या प्रकाशात एकाच फोटोत अनेक प्रतिमा घेतल्या तेव्हा दिसू लागले.

१९६७ साली डी. विल्यम्स या अभ्यासकाने जोन्सच्या अशाच फोटोवरून गणित मांडले. पुढच्याच वर्षी कॉक्रन आणि स्टॉब्स यांचा मोठा ग्रंथ इंग्लंडात निघाला. दोघांचे म्हणणे थोडक्यात असे: खेळाडू म्हणजे एकाखाली एक जोडलेले दोन लंबक. वरचा खांद्यापासून मनगटापर्यंत, खालचा म्हणजे काठी. मनगट ही मधली बिजागरी. फटका खाली येऊ लागतो तेव्हा मनगट दुमडलेलेच ठेवायचे. हात गतीत आले की काठीचे टोक बाहेरच्या बाजूला ओढले जाते आणि दुमड आपोआप उलगडते. आणि गंमत पाहा, चेंडूवर आघात होण्याच्या आधीच हात मंदावू लागलेले असतात! हातातली गती काठीत गेलेली असते. मनगट आधीच सोडले, जोर लावायला म्हणून, तर सगळे वाया.

वर येण्यापासून नव्हे, नुसता खाली येण्याचाच वेळ पाव सेकंदाच्या आसपास. काठी आणि चेंडू यांची गाठ सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरती. फटका बसला हे मेंदूला कळेपर्यंत सेहेचाळीस ग्रॅमपेक्षाही हलका तो चेंडू निघून गेलेला असतो. म्हणजे आयत्या वेळी सुधारायला वावच नाही.

हे वाचले आणि मला घाम फुटला. वाचकहो, सांगतो का ते.

साल १९७८ असेल. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, पण शाळेत विज्ञानाला मास्तर नव्हता म्हणून सहावीचे विज्ञान माझ्या गळ्यात. गोफणीतला दगड लांब का जातो, असे मी विचारले. मुले म्हणाली, जोरात फिरवल्याने. एक पोरगा मात्र, हुरड्यातल्या ज्वारीत माळ्यावर उभा राहून पाखरे राखणारा, म्हणाला, "नाही गुर्जी. सोडताना हात आखडता घ्यावा लागतो, तवा दगड जातो." वर्ग हसला. मीही हसलो. तो हट्टाला पेटला, पुन्हा तेच म्हणाला, तेव्हा उद्धट म्हणून हातावर दोन छड्या दिल्या. अंबाडीच्या वाकाची गोफण, तिचा दोर आणि हात हे तेच दोन लंबक, हे मला तेव्हा कुठले ठाऊक!

मुंबईला चेंबूरच्या प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबात श्रीमंतांच्या पिशव्या वाहणाऱ्या कॅडी पोरांनी वस्तीतल्या बोळांत स्वतःचा गोल्फ काढला. लोखंडी सळई वाकवून काठी, चेंडू प्लास्टिकचा. त्यांना दुहेरी लंबक कोणी शिकवला असेल? मला तर ती बातमी वाचताना आमचा माळाच दिसत होता.

तो पोरगा सातवीनंतर शाळेत आला नाही. त्याला मी कारण होतो की घरची ओढाताण, हे विचारायची हिंमत कधी झाली नाही. मागल्या वर्षी बाजारात भेटला, बरोबर नातू होता. मी धीर करून गोफणीची गोष्ट काढली, म्हटले, बाबा, तू बरोबर होतास, मी चुकलो. तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला.

"काय बोललो ते काई ध्यानात नाही, गुर्जी. छड्या आठवत्यात," म्हणाला. मग हसून त्याने पाया पडायला नातवाला पुढे केले. मी त्या पोराला वाकू दिले नाही.

"गोफण करता येते का रे याला?" मी विचारले.

"आता कुठली गोफण? पाखरं हाकायला कोणी राहिलंय का शेतात?" असे म्हणून तो सरकीच्या पोत्यांकडे वळला.